वडीलजनांचा वार्षिक मेळावा : तीन दिवसांचा असावा की एका दिवसाचा?

जांभ्याचा_चिरा

सर्वांना सलाम. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, चिटणीस आहे. किनारपट्टीवरच्या आमच्या मंडळ्यांचे पाळक (धर्मगुरू), सुवार्तिक (धर्मप्रचारक), वडील (मंडळीने निवडलेले ज्येष्ठ) आणि पंच (कारभार पाहणारे निवडून दिलेले सभासद) यांचा वार्षिक मेळावा गेली कित्येक वर्षे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तीन दिवस भरत आला आहे. यंदाच्या तयारीच्या बैठकीत काही तरुण पंचांनी हा मेळावा एका दिवसाचा करावा असा ठराव मांडला. सकाळी नऊला उपासना, मग दोन व्याख्याने, जेवण, कामकाज आणि पाच वाजता निरोप, अशी त्यांची योजना आहे. त्यांची कारणे झटकून टाकण्यासारखी नाहीत. वस्तीचा खर्च वाढला आहे, नोकरदारांना तीन दिवसांची रजा मिळत नाही, आणि गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या बाकावर बसून मोजले तेव्हा जागे असलेल्यांपेक्षा डुलकी घेणारे अधिक भरले.

तरीही माझे मन या ठरावाला राजी होत नाही, आणि का होत नाही हे मला बैठकीत नीट सांगता आले नाही. ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ एवढेच तोंडातून बाहेर पडले, आणि ते कारण मलाच पटले नाही. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. आपापल्या भागात हे मेळावे कसे भरतात आणि त्यांतून हाती काय लागते, हे कृपया सविस्तर लिहावे.

पोफळीची_सावली

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आपला सभामंडप तळमजल्यावर आहे याबद्दल देवाचे आभार मानावेत आणि व्याख्याने कमी करावीत.

वेंगुर्ल्याची_वाट

चिटणीससाहेब, सलाम. माझे वय आता एक्याऐंशी आहे आणि त्यांतील अठ्ठेचाळीस वर्षे मी मंडळीचा वडील म्हणून काढली, तेव्हा थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

माझे वडील (म्हणजे जन्मदाते, तेही मंडळीत वडील होतेच) वेंगुर्ल्याहून रत्नागिरीच्या सभेला आगबोटीने जात. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे, आणि समुद्र खवळलेला असला तर पांढऱ्या धोतराची सभेपूर्वीच दशा होई. एवढा प्रवास करून गेलेला माणूस संध्याकाळी पाच वाजता परत फिरणार कसा? तो राही, आणि राहिल्यामुळेच त्याला समजे की जैतापूरकडच्या मंडळीला चार महिने पाळक नाही, की मालवणकडच्या एका विधवेच्या घरावर कर्ज आहे. या गोष्टी कामकाजाच्या वहीत कधीच येत नसत. त्या रात्री पडवीत, कंदिलाची वात बारीक केल्यावर बाहेर येत.

आमच्या गावी मिशनचा दवाखाना होता आणि डॉ. गोहीन यांचे नाव जुनी माणसे अजून काढतात. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले. ते पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. हे विषयाला सोडून झाले, परंतु वेंगुर्लेकराला लिहायला बसवले की हे सांगितल्याशिवाय त्याचा हात थांबत नाही.

माझे मत असे की तीन दिवस ठेवावेत.

नवा_पंच

आदरणीय काका, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून लिहितो. आपणच दिलेल्या माहितीवरून तीन दिवसांचे कारण आगबोट होते, असे दिसते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, आणि आता किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांहून माणूस पहाटे निघून रात्री घरी पोहोचू शकतो. जे प्रवासाच्या अडचणीमुळे सुरू झाले ते अडचण सरल्यावरही परंपरा म्हणून चालवावे काय? मी एका खासगी कारखान्यात नोकरीला आहे. तीन दिवसांच्या मेळाव्यासाठी मला बिनपगारी रजा घ्यावी लागते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या दुसऱ्या पंचाची तर तीन दिवसांची मजुरीच बुडते. मग हळूहळू मेळाव्याला फक्त निवृत्त माणसे उरतात आणि नंतर विचारले जाते की तरुण मंडळीच्या कामात का दिसत नाहीत.

वेंगुर्ल्याची_वाट

आगबोटीबद्दल आपण मला बरोबर पकडले. मजुरीच्या मुद्द्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. तो मला आजवर कोणी असा स्पष्ट सांगितलाही नव्हता.

हर्णै_बंदर

इतिहास निघालाच आहे तर थोडे मागे जाऊ. स्कॉटलंडमध्ये जनरल असेंब्ली, म्हणजे तेथील चर्चची सर्वोच्च सभा, १५६० मध्ये पहिल्यांदा भरली. पाळकांच्या बरोबरीने मंडळीतून निवडलेल्या वडीलजनांनीही बसून निर्णय घ्यायचे, ही तिची रीत होती आणि आजही ती एडिंबरोला दरवर्षी मे महिन्यात भरते. आपल्या किनाऱ्याशी तिचा संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि काही महिन्यांतच वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा काढल्या. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आहे, मराठी शिकण्यासाठी प्रथम याच भागात राहिले आणि पुढे १८७० मध्ये फ्री चर्चच्या (स्कॉटलंडच्या मूळ चर्चपासून वेगळ्या झालेल्या चर्चच्या) तशाच वार्षिक सभेचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, झाले. त्या कामाचे केंद्र नंतर मुंबई-पुण्याकडे सरकले. दक्षिणेकडे कोल्हापूरला १८५२ मध्ये सुरू झालेले अमेरिकन मिशनचे काम १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि ते मिशन तेथून घाट उतरून रत्नागिरीला १८७३ मध्ये आले, तेही वडीलजनांची हीच रीत घेऊन.

तेव्हा हा मेळावा म्हणजे पाळकसाहेबांनी बोलावलेला श्रोत्यांचा वर्ग नव्हे. वडील तेथे निर्णय घेणारा म्हणून जातो. एका दिवसाच्या योजनेत दोन व्याख्याने आहेत आणि कामकाजाला जेवणानंतरचा, डुलकीचा वेळ आहे. माझा आक्षेप दिवसांच्या संख्येपेक्षा या वाटणीवर आहे.

पोफळीची_सावली

एडिंबरोला मे महिन्यात आंबे उतरवायचे नसतात.

हापूसवाला_वडील

वरील एका ओळीवर मी गंभीरपणे लिहू इच्छितो. मे महिन्याचा पहिला पंधरवडा ठरवणाऱ्यांनी शाळेची सुटी पाहिली, बागायतदार पाहिले नाहीत. त्या दिवसांत आंबा झाडावरून उतरतो, अढीत जातो, पेट्या भरल्या जातात. वर्षाचे उत्पन्न ज्या तीन-चार आठवड्यांत हाती येते त्यांतील तीन दिवस माझ्यासारख्याने कोठून काढावेत? त्यात पावसाआधी घराची शाकारणी असते, शेतात भाजावळ झालेली असली तरी बांध घालायचे राहिलेले असतात. पाऊस संपल्यावर म्हणाल तर भातकापणी येते. आमच्या भागातील वडिलांना खरा मोकळा काळ जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा आरंभ एवढाच असतो. तेव्हा मोहोरावर फवारणी चालू असते, पण ती गड्यावर सोपवता येते. उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) ज्या वर्षी लवकर लागतो त्या वर्षी तारखा जपून धराव्या लागतील, इतकेच.

सुरंगीचा_वळेसर

मी पाळकीणबाई, म्हणजे पाळकांची पत्नी, आहे आणि सहसा असल्या चर्चांत लिहीत नाही, परंतु पडवीतील त्या रात्रींचे वर्णन वाचून राहवले नाही.

आमच्या मंडळीकडे हा मेळावा आजवर तीनदा आला. त्या नऊ दिवसांत मी एकही व्याख्यान ऐकले नाही. पहाटे चारला चूल पेटे, न्याहरीला घावने आणि चटणी, दुपारी भात, आमटी आणि तळलेली मासळी, रात्री पुन्हा तेच. मधे तीन वेळा चहा. घावने तर असे की ते गरमच हवेत, म्हणजे शेवटचा वडील उठेपर्यंत तव्यापुढून हलायचे नाही. रात्री आपण सर्व बंधू जेव्हा मंडळ्यांची सुखदुःखे एकमेकांना सांगत होता, तेव्हा आम्ही सात जणी मागच्या पडवीत टोप घासत होतो. त्या सातांपैकी दोघी पंच होत्या. त्या निवडून आल्या होत्या, त्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत छापली होती, आणि त्यांचे मत कामकाजाच्या वेळी कोणी विचारले नाही, कारण त्या वेळी त्या तांदूळ निवडत होत्या. मार्था आणि मरिया (येशू घरी आला तेव्हा कामात गुंतलेली बहीण आणि त्याचे बोलणे ऐकत बसलेली बहीण) यांच्यावरचा उपदेश मात्र त्याच मेळाव्यात झाला, असे मला नंतर समजले.

मेळावा एका दिवसाचा केला तर माझे दोन दिवस वाचतील, म्हणून मी त्या ठरावाच्या बाजूने असावे, असे कोणालाही वाटेल. मी तशी नाही. मला तीन दिवस हवे आहेत आणि त्यांतील एक संध्याकाळ मलाही त्या पडवीत बसायचे आहे.

नवा_पंच

बाई, आपले लिखाण मी घरी वाचून दाखवले. आई म्हणाली, “हे लिहायला इतकी वर्षे का लागली, ते विचार.”

सुरंगीचा_वळेसर

टोप पुष्कळ होते, असे आईंना सांगा.

वसईचे_बावखल

मी वसईचा, म्हणजे उत्तर कोकणातला आणि कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात निवडून दिलेले आणि दीक्षा दिलेले वडील अशी रचना नाही. पॅरिश कौन्सिल असते, ती धर्मगुरूंना सल्ला देते. त्यामुळे वडीलजनांच्या हक्काच्या वादात मी बोलणे योग्य नव्हे. एक फरक मात्र उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

आमच्या धर्मगुरूंना वार्षिक ध्यानसाधना करावी लागते. चर्चच्या कायद्यातच ते सांगितलेले आहे. ती बहुधा मौनात होते. तेथे हिशेब, बदल्या, इमारतनिधी यांपैकी काहीही निघत नाही. कामकाजाच्या सभा वेगळ्या भरतात आणि त्यांत पुरेसे खटके उडतात. आपल्या मेळाव्यात विश्रांती, शिकवण, कामकाज आणि भेटीगाठी हे चारही एका मांडवाखाली घातलेले दिसतात. शिष्य थकून परत आले तेव्हा प्रभूने त्यांना एकांती येऊन विसावा घ्यायला सांगितले, असे मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. त्याने त्यांच्यापुढे विषयपत्रिका ठेवली नाही. (अर्थात पुढच्याच ओळींत लोकांची गर्दी तेथेही पोहोचली आणि पाच हजारांच्या जेवणाची व्यवस्था करावी लागली, हे सुरंगीताईंना सांगायची गरज नाही.)

ताळेबंद

विश्रांती आणि कामकाज वेगळे करावे, ही वसईकरांची सूचना ऐकायला चांगली आहे, परंतु लहान मंडळ्यांच्या बाबतीत ती चालेल असे मला वाटत नाही. कारण आमच्या घरचेच सांगतो.

आमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्तांमध्ये काहीही बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. आमच्या पंचांची निवडणूक वेळच्या वेळी होत होती, निवडलेल्यांसाठी प्रार्थना होत होती, हार घातले जात होते. अर्ज मात्र कोणी दिला नव्हता. एके दिवशी बँकेने मंडळीच्या खात्यावरचा आमचा धनादेश परत केला, कारण दप्तरी ज्यांची नावे विश्वस्त म्हणून होती त्या पाचांपैकी चौघे कबरस्थानात होते आणि पाचवे मुलाकडे नाशिकला. छपराची मंगलोरी कौले आणायची होती, पाऊस तोंडावर होता आणि पैसे खात्यात असूनही आम्हांला ते काढता येत नव्हते. कौले शेवटी उधारीवर आली.

ही गोष्ट मी त्या वर्षीच्या मेळाव्यात सभेपुढे मांडली नाही, कारण लाज वाटली. रात्री हात धुताना शेजारच्या तालुक्यातील एका वडिलांजवळ ती सहज निघाली आणि ते हसून म्हणाले, “आमचे तर सहाही वर गेलेले आहेत.” त्यांनी दोन वर्षे खपून ते प्रकरण मार्गी लावले होते. कोणता अर्ज, कोणते ठराव, विलंब माफीसाठी काय लिहायचे, हे सर्व त्यांनी मला दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवीतली फाइल उघडून दाखवले. त्या मेळाव्यातील चारही व्याख्यानांचे विषय आज मला आठवत नाहीत. ती फाइल आठवते.

चिटणीससाहेब, आपले मन का राजी होत नाही, याचे उत्तर मला येथे दिसते. माणूस आपली अडचण पहिल्या दिवशी सांगत नाही. पहिल्या दिवशी तो आपल्या मंडळीचे सर्व काही उत्तम चालले आहे असे सांगतो.

हर्णै_बंदर

ताळेबंद यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझे अनुमोदन आहे. पौलाने मिलेताला जहाज थांबवून इफिसच्या वडीलजनांना बोलावून घेतले, तोही प्रसंग युतुखाच्याच अध्यायात आहे. त्याला यरुशलेमला जाण्याची घाई होती, तरी त्याने निरोप पाठवून त्यांची वाट पाहिली. त्यांच्याशी तो आपले अश्रू, आपल्या परीक्षा आणि स्वतःच्या हातांनी केलेले कष्ट यांविषयी बोलला. शेवटी सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि त्याच्या गळ्यात पडून ते रडले.

सुरंगीचा_वळेसर

मिलेतात त्यांच्या जेवणाचे कोणी पाहिले, हे ती कृत्ये लिहिणाऱ्या लूकाने लिहिलेले नाही.

आंबा_घाट

मी मूळचा राजापूर तालुक्यातला, आता कोल्हापुरास असतो. विवाह नोंदवहीबद्दलही मेळाव्यात एक सत्र असावे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे सामान्यतः सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात विवाह लावता येतो, हे आमच्या मंडळीतील पंचांपैकी कितींना ठाऊक होते, हे विचारू नये. आमच्याकडे एकदा वऱ्हाडाची गाडी घाटात अडकली आणि पाळकसाहेब घड्याळाकडे पाहत दारात उभे होते. वधूच्या मामांना वाटले, त्यांना जेवणाची घाई आहे.

दुसरे असे की आमच्या घरात एक अडचण उभी राहिली आहे. माझा मुलगा एकोणतिसाव्या वर्षी मंडळीचा वडील म्हणून निवडून आला. तेव्हापासून ‘वडील घरी आहेत का?’ असे कोणी फोनवर विचारले की आम्ही दोघेही उठतो.

वेंगुर्ल्याची_वाट

मूळ ग्रीक शब्द प्रेस्बुतेरोस असा आहे आणि त्याचा अर्थ वयाने मोठा असाच होतो. चिरंजीवांना सांगावे की वय आपोआप वाढते, बाकीचे मिळवावे लागते.

एक गोष्ट मी आधी लिहायची विसरलो. पूर्वी मेळाव्याच्या दुसऱ्या रात्री ख्रिस्ती कीर्तन होत असे. पेटी, तबला, झांजा, पूर्वरंग, उत्तररंग, सर्व रीतसर. उधळ्या पुत्राचे आख्यान लागले की मांडवाबाहेर गावातील इतर माणसेही येऊन उभी राहत. नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातले, दापोलीकडच्या करजगावला १८६१ मध्ये जन्मलेले. त्यांची पदे आपण उपासनेत गातो आणि कीर्तन मात्र घाटावरच्यांचे म्हणून सोडून दिले. अलीकडे त्या रात्री पडद्यावर चित्रफीत दाखवतात. ती बंद करून कीर्तन आणावे, असे माझे मागणे आहे. कीर्तनात झोप येत नाही. झांजा झोपू देत नाहीत.

हापूसवाला_वडील

कीर्तन फेब्रुवारीत ठेवले तर मी स्वतः झांजा वाजवायला येतो. मे महिन्यात ठेवले तर झांजा पाठवून देईन.

जांभ्याचा_चिरा

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. मी हा धागा छापून नेला होता आणि सुरंगीताईंचे लिखाण मी वाचण्याऐवजी आमच्या पाळकसाहेबांनी वाचून दाखवले. ते संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

ठरले ते असे. मेळावा दोन रात्रींचा, शुक्रवार संध्याकाळपासून रविवारच्या उपासनेपर्यंत राहील, म्हणजे शनिवारी सुटी असणाऱ्या नोकरदारांना एकही रजा लागू नये. जो रोजंदारीवर आहे त्याची शनिवारची मजुरी त्या-त्या मंडळीने द्यावी, असा ठराव झाला; तो एकमताने झाला नाही, दोन मंडळ्यांनी आपली ऐपत नसल्याचे सांगितले आणि त्यांचा प्रश्न तसाच राहिला आहे. व्याख्यान एकच होईल. शनिवारची सकाळ कामकाजाला आणि दुपार बदल अर्ज, लेखापरीक्षण व विवाह नोंदवही यांना दिली आहे. ताळेबंद यांनी ते सत्र घ्यावे, अशी विनंती मी येथेच करतो. स्वयंपाक बाहेरच्या आचाऱ्याला दिला जाईल. यावर सर्वांत मोठा वाद झाला, कारण काही वडिलांचे म्हणणे पडले की आचाऱ्याच्या हातच्या घावन्यांना ती चव येणार नाही. त्यावर एका स्त्री-पंचाने “मग आपणच लवकर उठून घालावेत” असे सांगितले आणि विषय संपला.

तारीख मात्र ठरली नाही. जानेवारी की फेब्रुवारी यावर अर्धा तास बोलणे होऊन ते पुढच्या बैठकीवर गेले. मे महिना कोणीही पुन्हा सुचवला नाही.

नवा पंच यांनी मूळ ठराव मागे घेतला नाही. दोन वर्षे असे करून पाहावे आणि उपस्थिती घटली तर तो पुन्हा मांडण्याचा आपला हक्क राखून ठेवावा, असे त्यांनी लेखी दिले आहे. ते वहीत नोंदवले आहे.

ताळेबंद

सत्र घेतो. प्रत्येक मंडळीने येताना आपल्या नोंदणी दाखल्याची आणि विश्वस्तांच्या शेवटच्या मंजूर यादीची प्रत आणावी. यादीतील किती जण हयात आहेत, ते घरूनच मोजून यावे.

सुरंगीचा_वळेसर

आम्ही सात जणी येत आहोत, पैकी चौघी पंच म्हणून आणि तिघी पाहुण्या म्हणून. पुढच्या पडवीत सतरंजी आधी घालून ठेवावी. टोप आणणार नाही.